गाव न इचारणारी माय

तुळसामाय गेल्याची खबर मले अकोल्याच्या कापूस बाजारात भेटली, आन् थे बी नेमकी मी आमच्या शेठची नक्कल करून राहिलो होतो तवा. काट्यावर कापूस चढला का त्याचं वजन साऱ्या बाजाराले ऐकू जाईन असं ओरडून सांगायचं, हे माहं काम. दोन बंड्यांच्या, म्हणजे कापसाच्या बैलगाड्यांच्या, मधात सवड सापडली का गाडीवान मले घेरतात, "गुरुजी, शेठ करा ना" म्हणतात. चार बुकं शिकलो म्हणून मी गुरुजी, दुसरं काही नाही. त मी पोट पुढं काढून, नाकात बोलून शेठ करून राहिलो होतो, सारे हसून राहिले होते, आन् अमरावतीकडचा एक गाडीवान तेवढा हसत नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची माय गेली. तापानं गेली." इतक्या सपाट आवाजात, जशी काही बैलाची ढेप-पेंड संपली. मले वाटलं हा बी नक्कल करून राहिला. मी म्हणलं, "नाही जमली बापा, पुन्हा करून दाखव." सारे पुन्हा हसले. त्यानं पुन्हा तसंच म्हणलं, तसंच सपाट, आन् डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं... तवा मले समजलं. माही सोताची माय तर घरी भाकरी थापून राहिली होती. पण मी त्याले सुधारलं नाही. त्याचं बराबरच होतं.

याले आता काही आठवडे झाले. पुण्याचे वर्तमानपत्रवाले म्हणाले, तुमी तिच्याबद्दल पुरवणीसाठी लिहून द्या, पण जरा शुद्ध लिहा. मी बसलो, दौतीत बोरू बुडवला, आन् 'कैलासवासी तुळसाबाई या परोपकारी वृत्तीच्या' इथपर्यंत गेलो. मंग मले तिचा आवाज ऐकू आला, "हे कोणाबद्दल लिहून राहिला बे पोपटा?" म्हणून फाडलं. बोलतो तसंच लिहीन. पुण्याच्या लोकाइनं कानाले थोडा त्रास द्यावा.

अमरावतीच्या बाहेर, मोर्शीच्या वाटेवर, तिचा मळा. जातीनं माळी, नवरा जाऊन लय वरसं झालेले, मळा ती आन् तिचा पुतण्या पाहत. आता वऱ्हाडात गेल्या काही वरसांत काय होऊन राहिलं थे तुमाले सांगायची गरज नाही. समुद्रापल्याड कुठं तरी लढाई लागली, तिथला कापूस अडला, आन् विलायतच्या गिरण्या आमच्याकडं तोंड करून बसल्या. ज्यानं त्यानं कापसाची पऱ्हाटी पेरली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, गुराच्या कुरणात पऱ्हाटी. देवळाच्या ओट्यावर कापूस, आमच्या शाळेत कापूस... मास्तर उभ्यानं शिकवत, कारण त्याइच्या खुर्चीवर बी गाठोडं. अशा दिवसात तुळसामाय वांगे, मेथी आन् सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, लावत होती. लोक म्हणत, "सारे सोनं पेरून राहिले, आन् ही सांभार!" ती म्हणे, "मंग सोन्याची भाजी करून खा."

कापसाच्या मागं माणसं आली. रेचावर सरकी काढायले बाया आल्या, रेलच्या मातीकामावर माणसं गेली. त्यात कोणाचा नवरा पुढं गेला तो वापसच नाही आला, कोणी घरच्या माराले कंटाळून निघाली, कोणाले मुकादमानं काम देतो म्हणून आणलं आन् भलतंच मांगून राहिला. अशा बाया, आन् त्याइच्या कडेवरचे पोट्टे, मायच्या मळ्यातल्या छपरीत राहत. लांब छपरी होती, आधी तिथं लसूण-कांदे वाळत. कोणी दोन दिवस राहे, कोणी हंगामभर. बाया दिवसा निंदण करत, रेचा चालवत, पोट्टे छपरीत. त्या पोट्ट्याइले सांभाळायले, आजारी बाईजवळ बसायले, पाणी भरायले माय गावातून माणसं गोळा करे. एक म्हातारी सुईण होती, एक कुंभार होता, काही शेजारणी होत्या, आन् मी. आमाले ती 'फुकटे' म्हणे. पगार नाही, मान नाही, वरून शिव्या. "आज फुकटे कमी आले," असं ती दारात उभी राहून बोंबले, आन् आमी लाजून दुसऱ्या दिवशी लवकर जाओ.

मी पहिल्यांदा गेलो थे सेवा कराले नाही, पाहाले गेलो. मले साऱ्याइतच नाक खुपसायची सवय. तवा मी अमरावतीच्या बाजारात कामाले होतो, आन् बाजारात त्या छपरीबद्दल काय काय बोलत, थे ऐकून मले राहवेना. पोट्टे रडून राहिले होते, त मी मांजर केली, बोकड केला, तापलेला तहसीलदार केला. पोट्टे लोळले. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. कुंभार त खाली बसला. तुळसामाय मातर वांग्याची टोपली कमरेवर धरून उभी, तोंडावर एक रेघ हलली नाही. मी सारी शिदोरी खाली केली तिच्यासमोर... सावकार, कीर्तनकार, नाकात बोलणारी विधवा काकू, इंग्रज साहेबाचं मराठी. काही नाही. शेवटी ती म्हणाली, "झालं? आता सांग, तुहा सोताचा आवाज कोन्ता?" मी म्हणलं, "हाच की माय." ती म्हणाली, "हा तहसीलदाराचा उरलेला हाय." आन् मेथी निवडाले बसली. मी त्या दिवसापासून फुकटा झालो. मले तिले हसवायचं होतं.

छपरीत दोनच नेम होते. पहिला, बाईले गाव इचारायचं नाही. आता आपल्याकडं माणूस भेटला का राम राम व्हायच्या आधी "कोन गावचे?" इचारतात. गाव समजलं का जात समजते, सोयरे समजतात, आन् संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी निरोप पोचते. म्हणून नाहीच इचारायचं. आलेली बाई सोताहून सांगन त ऐकाचं, नाही सांगन त वाढाचं. दुसरा नेम मायचा सोताचा होता. छपरीत शिरायच्या आधी, पार धुऱ्यावरूनच, वावराच्या बांधावरून, ती हाक दे, "मीच आहो वो, मीच!" नेहमी त्याच सुरात, 'मीच' वर जरा थांबून. पावलं ऐकून आतल्या बाया दचकत ना... नवरा आला का, दीर आला का, मुकादम आला का. ती हाक आली का आत बांगड्या वाजाले लागत, बोलणं सुरू होई. आमा फुकट्याइलेबी तिनं तसंच शिकवलं होतं. मी येतायेता तिच्याच आवाजात हाक द्यायचा यत्न केला एकदा. आतून सुईण ओरडली, "अबे, मेलेल्या कावळ्यासारखं नको ओरडू!" साऱ्या वऱ्हाडाचे आवाज काढणाऱ्या मले मायचा आवाज कधी आला नाही.

याचं कारण मले फार उशिरा समजलं. माहा कान असा आहे का माणूस दोन वाक्य बोलला का मी सांगतो, हा मूर्तिजापूरचा, हा मोर्शीकडचा, ह्याची माय खानदेशातली. म्हणून मी छपरीत तसा धोक्याचाच माणूस. बाया काही सांगो का न सांगो, मले त्याइचं गाव ऐकू येत होतं. मायच्या हे ध्यानात आलं तवा तिनं मले विहिरीजवळ घेतलं. "तुले जे ऐकू येते थे पोटात ठेव. बाहेर आलं त जीभ कापून वांग्यात भरीन." मी म्हणलं, "ठेवतो. पण माय, तू कोन गावची? तुह्याच बोलण्याचा मले थांग लागून नाही राहिला." खरंच लागत नव्हता. एक शब्द असा, दुसरा तसा. ती म्हणाली, "मले इचारते? नेम काय हाय आपला?" आन् पोहरा विहिरीत सोडला.

...त एक पोट्टी सापडली, त्या हंगामाची गोष्ट.

एका सकाळी बाजारात लय बंड्या एकदम रिकाम्या झाल्या, कापसाचा ढीग घरावढा झाला, आन् त्या ढिगातून एक पोट्टी निघाली. तीन-साडेतीन वरसांची, केसात, भिवईत, नाकात कापूस. कोणत्या तरी बंडीत, कापसाच्या उबेत झोपली असन, वरून तडवाचं जाड कापड टाकलं असन, आन् बंडी हालली असन. पण कोणत्या बंडीत? मी इचारत फिरलो. एकही गाडीवान हो म्हणेना. पोर पळवली असा आळ येईन म्हणून जो तो बैल जुपून पसार झाला. आन् पोट्टी बोलेना. रडेबी ना. नाव इचारलं त पाहे, खाऊ दिला त खाये, बंडी दिसली का मातर थरथर कापे. मी तिले खांद्यावर घेऊन मळ्यात आणलं. मायनं तिच्या केसातला कापूस एकेक करून काढला. नाव नव्हतं म्हणून बाया तिले कापशी म्हणाले लागल्या.

मायचं त्या दिवसापासून दुसऱ्या कशात चित्त लागेना. "इची माय कुठं तरी विहिरीत वाकून पाहून राहिली असन," एवढंच ती म्हणे. विहिरीत, नदीत, लांडग्याच्या बिळात... सापडत नाही त माय-बाप तिथंच पाहतात ना. एवढी पोर हरवली, आन् पत्ता सांगणारं तिचं तोंड बंद. मंग माय मले म्हणाली, "पोपटा, तुह्या त्या कानाचा आज उपयोग कर." मी म्हणलं, "ती बोलन तवा ना." "ती नाही बोलत. तू बोल. कोणत्या बोलण्याले ती मान वळवते, थे पाहू."

मले लय आवडलं हे. हरेक भागाचे गाडीवान बैलाले वेगळे हाकलतात. दर्यापूरकडचा जीभ टाळूले चिकटवून आवाज काढते, मोर्शीकडचा लांब शीळ घालते, अकोल्याकडचा बैलाच्या मायचा उद्धार करते. मी कापशीच्या पाठीमागं उभा राहून सारे गाडीवान केले. ती मातीत रेघा ओढत राहिली. सुईण म्हणाली इच्या वेणीची घडी मोर्शीकडची, त माय टोपलीभर वांगे घेऊन मोर्शीलेबी जाऊन आली. वांगे खपले, पत्ता नाही लागला. वापस आली तवा पाय धुताधुता एकदम थांबली. म्हणाली, "अबे, आपुन दोघंबी बावळट. ह्या लेकरानं गाडीवान कुठं ऐकला? हिनं माय ऐकली. मायचा आवाज काढ." मले एकबी माय येत नव्हती. बाजारात सारे बाप्येच. मी सावकार करतो, साहेब करतो, पण दिवस बुडताना लेकराले घरी बोलावणारी बाई मी कधी कान देऊन ऐकलीच नव्हती.

मंग मायनं जे केलं, थे मी अजून विसरलो नाही. दिवस मावळायले आला होता, बाया रेचावरून येऊन हातपाय धुऊन राहिल्या होत्या. माय म्हणाली, "बायाहो, मी तुमाले कधी गाव इचारलं नाही. आजबी नाही इचारत. पण ह्या लेकरासाठी एक करा. तुमची माय तुमाले जेवाले बोलावे, तशी एकेक हाक मारा." हाक मारली का गाव उघडं पडते, हे साऱ्याइले समजत होतं. माह्याकडं पाहून राहिल्या होत्या त्या, माह्या कानाकडं. मी दोन्ही कानात बोटं घातली आन् तोंड वाकडं केलं. त एक म्हातारी हसली, आन् तिनं पहिली हाक मारली. मंग दुसरी. कोणी आखूड मारली, कोणी गाण्यासारखी, कोणी अशी का वाटावं आता मार भेटते. काही बाया हाक मारून मंग रडल्या, कारण किती वरसांत ती हाक त्याइनं ऐकलीच नव्हती. कापशी रेघा ओढून राहिली होती. शेवटी एक बाई उठली. ती छपरीत आल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती, तिच्या सासरचे तिले धुंडून राहिले हे साऱ्याइले अंदाजानं माहीत होतं. तिनं पदर सारखा केला आन् हाक मारली... लांब, वर चढत जाणारी, आन् वर गेल्यावर मधातच तोडलेली, जसा काही पोहऱ्याचा दोर तुटला.

कापशीनं मान वळवली. हातातली काडी पडली.

बोटं कानात असली तरी मले ऐकू आलं होतं. अशी हाक पहिल्यांदाच ऐकली, पण हेल तेल्हाऱ्याकडचा. मायनं माह्याकडं पाहिलं, म्हणाली, "कोणी मारली थे तू पाहिलं नाही." मी म्हणलं, "कोणती हाक माय? मी त कानात बोटं घालून बसलो होतो." ती बाई आता तिथं नाही. कुठं आहे थे मले माहीत असलं तरी माहीत नाही. हे छापायच्या आधी तिले इचारून घेतलं, एवढंच सांगतो.

मी शेठले आजीच्या आजाराची थाप मारली, आन् माय अन् मी दमणीत, छोट्या बैलगाडीत, बसून निघालो. कापशी बंडी पाहून कापे म्हणून तिले सुईणीजवळ ठेवलं. वाटेनं कापसाचे तांडेच तांडे, बैलाच्या गळ्यातल्या घंट्या, धूळ. मी मायले इचारून इचारून खाल्लं. तू हसत काहून नाही? मळ्यात कापूस काहून नाही लावत? पहिली बाई छपरीत कोन आली होती? ती म्हणे, "तुले बैलासारखं मुसकं घालाले पाहिजे." मूर्तिजापूरच्या अलीकडं एका लिंबाखाली विहीर आहे, तिथं तांडे थांबतात. आमी थांबलो. एक बाई पाणी शेंदून राहिली होती. येईन त्या तांड्याच्या बैलाइले पाजे, माणसाइले वंजळीत ओते, आन् रिकाम्या-भरल्या हरेक बंडीत वाकून पाहे. मी म्हणलं, "काय पाहते बाई, चोरी कराची का?" ती काही बोलली नाही. मायनं मले कोपर मारलं. तिच्याकडं पाहिलं, तिचे सुजलेले डोळे पाहिले, आन् नेमाप्रमाणं काही इचारलं नाही. टोपलीतले वांगे काढून तिच्या पदरात घातले. बाईनं हात जोडले. आमी दमणी हाकलली.

तेल्हाऱ्याच्या आसपासच्या गावाइत माय बियाणं इकाले आली असं सांगून ओट्याओट्यावर बसे, आन् मी दिवस मावळता कान देऊन फिरे. एका गावात ती हाक साऱ्याच बाया तशी मारत होत्या, वर नेऊन तोडलेली. मी उड्या मारत मायकडं गेलो. माय बायाइत बसली होती. तिनं फक्त एवढं इचारलं, "तुमच्याइकडं कोणाचं लेकरू हरपलं का हो?" एक आजी म्हणाली, "रुखमीचं. नवरा रेलवर कामाले गेला, त ही त्याच्या मागं पोट्टीले घेऊन गेली. वाटंत रातच्याले मुक्कामावर झोपली, पाहाटे उठून पाहते त पोट्टी नाही. लय बोंबलली म्हणतात, जो तांडा जाईन त्याच्या मागं बोंबलत धावली. गळा फाटला तिचा. आता आवाजच निघत नाही. तिथंच बसून हाय. मूर्तिजापूरच्या अलीकडं, विहिरीवर."

मायनं माह्याकडं पाहिलं. मी मायकडं पाहिलं. तिच्या हातात बियाण्याची पुडी होती, ती तशीच मांडीवर सांडली. मी किती वरसं तिच्या आजूबाजूले राहिलो, पण तिचं तोंड तसं कधी पाहिलं नाही. आवाज धुंडाले निघालो, आन् जिचा आवाज गेला तिच्या हातचं पाणी पिऊन पुढं आलो! मी बोलण्यावरून गाव ओळखणारा, ती बोलली नाही म्हणून अडलो. आन् माय... एक शब्द इचारला असता त काम झालं असतं. आमी तशीच दमणी वळवून निघालो. मी विनोद केला नाही. कराले सुचलाच नाही.

विहिरीवर पोचलो तवा टळटळीत ऊन होतं. रुखमी एका बंडीत वाकून पाहून राहिली होती. माय दमणीतून थांबायच्या आधीच उतरली, पडली, उठली, आन् तिचा हात धरून म्हणाली, "बाई, कोन गावची तू?" जन्मात पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं. रुखमीचे ओठ हलले, घशातून फक्त खरखर आली. माय मले म्हणाली, "मार हाक." मी हाक मारली. वर नेली, मधात तोडली. रुखमीनं माह्याकडं असं पाहिलं, जसं तिचंच काही तरी माह्या हातात आहे. मंग ती दमणीकडं धावली, आमच्या आधी चढून बसली.

मळ्यात पोचल्यावर धुऱ्यावरून मायनं तिची नेहमीची हाक दिली. आत बांगड्या वाजल्या. कापशी छपरीच्या मागं पोट्ट्याइत होती. रुखमीले दम निघेना, पण तिच्या घशातून आवाज निघेना. मायनं मले ढकललं. मी पुन्हा रुखमीची हाक मारली, जमली तेवढी. छपरीमागचा गलका थांबला. कापशी धावत आली, कोपऱ्यावर थांबली. आवाज आला तिकडं पाहिलं, त तिथं मी, मिशीवाला. तोंड पडलं तिचं. मंग माह्या बाजूले तिले रुखमी दिसली... ते पुढचं मी लिहीत नाही, तुमी समजून घ्या. बऱ्याच वेळानं कापशीनं रुखमीच्या खांद्यावरून मान वर काढली, माह्याकडं बोट केलं आन् सापडल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली. "माय वो, हा तुहा आवाज चोरते! चोर हाय थो!"

तुळसामाय हसली. पहिल्यांदा. खाली बसून, पोट धरून, डोळ्यातून पाणी काढून हसली. आन् माह्या नकलेले नाही हसली, थेबी सांगून टाकतो.

त्यानंतर छपरीत एक गोष्ट बदलली. गाव इचारायचं नाही हा नेम तसाच राहिला. पण नवीन बाई आली, तिनं पाणी पेलं, का माय तिच्यापुढं बसे आन् इचारे, "काय हरपलं तुहं?" बस, तेवढंच. कोणी सांगे लेकरू, कोणी सांगे नवरा, एकीनं सांगितलं झोप. काही बाया म्हणत, काहीच नाही. माय म्हणे, "ठीक हाय, मंग जेव." रुखमी छपरीतच राहिली. नवऱ्याचा पत्ता नाही लागला. तिचा आवाज पुरता वापस आला नाही, फाटकाच राहिला, पण पोट्टी तिचं सारं बोलणं मोठ्यानं पुन्हा बोलून दाखवे. माह्यापेक्षा बरी नक्कल करते ती, मले काळजी वाटून राहिली.

मंग माही बदली अकोल्याच्या बाजारात झाली. येणंजाणं कमी झालं. आन् ती खबर आली.

मी तेरवीले गेलो. पुतण्या अंगणात डोकं धरून बसला होता. म्हणाला, "गुरुजी, काकूच्या माहेरी निरोप धाडाचा राहिला. कुठं धाडू? आमाले त तिचं गावच माहीत नाही. काकानं तिले कुठून आणलं, आमी कधी इचारलंच नाही." साऱ्याइनं माह्याकडं पाहिलं, का ह्याले कान आहे, हा सांगन. मी आठवून पाहिलं. तिची एकेक गोष्ट मनात बोलून पाहिली. 'वांग्यात भरीन' हे मोर्शीकडचं. 'बावळट' म्हणायची तऱ्हा त्या सुईणीची. दुसरा एक शब्द त्या म्हातारीचा, जिनं पहिली हाक मारली. आन् 'मीच'वर थांबायचं... ते कोणाचं होतं? छपरीत आलेल्या हरेक बाईचं काही ना काही तिच्या तोंडात राहून गेलं होतं. मी नकला करतो थे लोकाइले हसवाले. तिनं न हसवता केल्या होत्या, वरसानुवरसं, आन् मले समजलं नाही. म्हणून मले तिचा आवाज काढता येत नव्हता. तो एकीचा नव्हताच. मी पुतण्याले म्हणलं, "नाही समजत बापा." मले अजूनबी जाणून घ्यावं वाटते. कोन गावची होती? पहिली बाई त्या छपरीत कोन आली होती... का तीच होती? पण नेम म्हणजे नेम.

जेवणं झाल्यावर मी एकटाच छपरीकडं गेलो. दार लोटलेलं होतं. आत बोलणं चाललं होतं, माही पावलं ऐकून थांबलं. नवीन बाया असतील, मले ओळखत नसतील. एक लेकरू रडाले लागलं, कोणी तरी त्याचं तोंड दाबलं. मी तिथंच थांबलो. धुऱ्यावरूनच हाक द्यायले पाहिजे होती. मायच्या आवाजात देऊन पाहावं म्हणलं, त गळ्यातून कावळा निघाला. तहसीलदार मनात आला, शेठ आला, साऱ्याइले मागं हाकललं. मंग जसं येईन तसं म्हणलं, "मीच आहो वो... मीच."

आत कोणी हललं नाही. मंग दारातून कापशीचं डोकं बाहेर आलं. तिनं मले पायापासून पाहिलं. आत तोंड करून म्हणाली, "माय वो, थो चोर आला. पण आज हा कोणाचा आवाज काढून राहिला, थे समजून नाही राहिलं."

"माहाच हाय बाई," मी म्हणलं.

तिनं मान वाकडी करून कान दिला, जसा मी देतो. मंग दारातून बाजूले सरली. आत बांगड्या वाजल्या.